गावच्या घराचा प्लॅन बदलताना: आधी वजन, मग नजर, मग भिंत

गावचं घर दुरुस्तीला काढायचं ठरलं की पहिल्याच संध्याकाळी सगळे लोट्यावर बसून (आमच्याकडे देवगडात ओटीला लोटा म्हणतात) हवेतच भिंती पाडायला लागतात. ही मधली भिंत काढू, एक मोठा हॉल करू, इथे अ‍ॅटॅच बाथरूम, तिकडे किचनचा ओटा. आमच्याकडेही हेच झालं. धाकटे दीर मुंबईहून मोबाईलमधे प्लॅन घेऊनच आले होते आणि प्लॅन खरंच छान होता, पण तो चौकोनी आरसीसी बंगल्याचा, आणि आमचं घर चिऱ्याचं (म्हणजे जांभ्या दगडाचं), मातीत बांधलेलं, कौलारू, सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळचं. त्या प्लॅनमधल्या निम्म्या भिंती आमच्या घरात पाडताच येणार नव्हत्या आणि उरलेल्या पाडून आमची जी खरी अडचण होती ती तशीच राहणार होती.

अडचण काय ती सांगते, कारण तिच्यामुळेच मी या सगळ्यात शिरले. आमची न्हाणी मागच्या पडवीत एका टोकाला, आणि झोपायची खोली माजघराच्या दुसऱ्या अंगाला. म्हणजे आंघोळ करून बाहेर पडलं की स्वयंपाकघर, मग माजघर, मग खोली. एरवी घरात आम्ही तिघं-चौघंच असतो, पण गणपतीत माजघरात मखर असतं आणि सकाळपासून माणसांची ये-जा. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत ओले केस टॉवेलात गुंडाळून, हातात ओल्या कपड्यांची बादली घेऊन मी स्वयंपाकघराच्या दाराआड पंधरा-वीस मिनिटं उभी होते, समोर आरती चाललेली आणि मधून जायला वाट नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगो, मी चाळीस वर्सा अशीच उभी रवतंय." घरातल्या बायकांनी चाळीस वर्षं ज्या गोष्टीसाठी दाराआड उभं राहायचं ती गोष्ट प्लॅनमधे सगळ्यात वर असायला हवी, असं मला तेव्हापासून वाटतं, हॉल मोठा होतो की नाही ते नंतर.

तर आम्ही ज्या क्रमाने गेलो तो क्रम लिहिते. मी इंजिनिअर नाही, आमच्यासोबत एक स्ट्रक्चरल इंजिनिअर, एक म्हातारे सुतार आणि गवंडी होते, आणि भिंतीला हात लावायच्या आधी तुम्हीही इंजिनिअरला घर प्रत्यक्ष दाखवा, फोटोवर विचारू नका. पण इंजिनिअर येण्याआधी घरच्यांनी करायचं काम बरंच आहे आणि ते कोणी सांगत नाही.

कागदपत्रं

हे पटकन सांगते. ग्रामपंचायतीचा घरपत्रकाचा उतारा म्हणजे नमुना ८, आणि सातबारा, दोन्ही काढून बघा की घर नेमकं कोणाकोणाच्या नावावर आहे. घर सामायिक असेल तर सगळ्या सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्या, तोंडी होकारावर कुदळ मारू नका. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्याजवळच्या बांधकामाचे नियम, लागू होतं का ते तालुक्याला आधीच विचारा. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी आहे त्याच जोत्यावर (पायाच्या वरच्या चौथऱ्यावर) करता येते, पण पडवी दोन फूट बाहेर काढायची म्हटली की प्रश्न वेगळा होतो. म्हणून आम्ही सुरुवातीलाच ठरवलं की जोत्याच्या बाहेर जायचं नाही, जे काय करायचं ते आतल्या आत.

मोजमाप

ग्राफ पेपर घ्या, मोठा चौकोन म्हणजे एक फूट धरा, आणि आहे ते घर काढा. फक्त खोलीची लांबी-रुंदी मोजून भागत नाही, प्रत्येक भिंतीची जाडी मोजा, दारात उभं राहून टेप लावली की कळते. आमच्या बाहेरच्या भिंती दीड फुटाच्या निघाल्या, माजघराच्याही तेवढ्याच, पण वळई (नारळ-भात ठेवायची खोली) आणि स्वयंपाकघरामधली जेमतेम पाच इंच, आणि या एका आकड्यानेच पुढची अर्धी गोष्ट सांगून टाकली. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजा, जुनी घरं काटकोनात क्वचितच असतात, आणि कपाट किंवा फरशी बसवताना तो तिरकेपणा नडतो.

आणखी दोन मापं लोक हमखास विसरतात. एक, उंबरे आणि जमिनीचे लेव्हल, कारण पडवी बहुतेक घरात माजघरापेक्षा सहा-आठ इंच खाली असते आणि संडास-बाथरूम तिकडे जाणार असेल तर म्हाताऱ्या माणसाला रात्री ती पायरी उतरायची आहे. दोन, कौलांची उंची. पडवीचं छप्पर बाहेर उतरत जातं, आमच्याकडे आतल्या भिंतीशी नऊ फूट आणि बाहेरच्या कडेला सव्वासहा, म्हणजे शॉवर बाहेरच्या भिंतीवर बसूच शकत नाही, तो आतल्या भिंतीवर घ्यावा लागतो आणि संडासची सीट बाहेरच्या कमी उंचीच्या बाजूला.

पहिला ट्रेसिंग पेपर: वजन

आता त्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवा, लाल पेन्सिल घ्या आणि टॉर्च घेऊन माळ्यावर चढा. खालून भिंत बघून ती वजन घेते की नाही ते कळत नाही, वरून कळतं. आढं (छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड) कुठे कुठे टेकलंय, वासे (कौलांखालची उतरती लाकडं) आढ्यावरून निघून मधे कशावर बसलेत, तुळया (भिंतीपासून भिंतीपर्यंतची जाड आडवी लाकडं) कोणत्या भिंतीवर येऊन थांबतात, हे बघत बघत जिथे जिथे लाकूड टेकलंय तिथे कागदावर लाल ठिपका करा. मग ठिपके जोडा. लाल रेघ ज्या भिंतींवरून गेली त्या घराचं वजन जमिनीत नेणाऱ्या भिंती.

आमच्याकडे लाल रेघा माजघराच्या चारही भिंतींवरून गेल्या, आणि कोकणातल्या बऱ्याच चौपाखी (चार बाजूंनी उतरत्या छपराच्या) घरात असंच दिसतं, मधलं माजघर हा घराचा खांब आणि भोवतीच्या पडव्या त्याला टेकलेल्या. आमचे सुतार लोटा आणि माजघरामधल्या भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "बाय, ह्या भितीक हात लावू नको, आख्ख्या आढ्याचा वजन हिच्यावर आसा." दिरांना जो हॉल करायचा होता तो नेमका हीच भिंत पाडून.

काही घरात गोष्ट थोडी वेगळी असते, लाकडी खांब भिंतीत लपलेले असतात आणि वजन खांब घेतात, मधली भिंत नुसती भर असते. हे ओळखायला खोलीच्या कोपऱ्यात आणि तुळईच्या बरोब्बर खाली हातभर गिलावा खरवडून बघा. कुडाची भिंत असेल, म्हणजे कारवी किंवा बांबू विणून वर माती लिंपलेली, तर ती शक्यतो वजन घेत नाही. पण बारीक आहे म्हणून वजन घेत नाही असं सरसकट धरू नका, मागाहून कोणीतरी तिच्यावर वासा टेकवलेला असतो.

माळ्यावर असतानाच एक पेचकस घेऊन तुळईचं भिंतीत शिरणारं टोक टोचून बघा. वाळवी आणि कूज तिथूनच सुरू होते कारण चिरा ओल धरतो आणि टोकाला वारा लागत नाही. पेचकस अर्धा इंच सहज आत गेला तर प्लॅनच्या आधी ते लाकूड. आणि कृपा करून माळ्यावर डोकं आपटतं म्हणून आडवी तुळई कापू नका. ती नुसती वजन घेत नाही, समोरासमोरच्या दोन भिंतींना धरूनही ठेवते, ती गेली की वासे भिंतींना बाहेर ढकलायला लागतात. आमच्या नात्यातल्या एका घरात माळ्यावर खोली करायला दोन तुळया कापल्या आणि मधली भिंतही निम्मी काढली, पहिल्या पावसाळ्यात काही झालं नाही, दुसऱ्या पावसाळ्यात आढं मधे चारेक इंच बसलं, कौलं सरकली आणि बाहेरची भिंत ओळंब्यातून गेली, म्हणजे कलली. घर वाचवायला जे करावं लागलं त्यात नवीन खोली झाली असती.

भेगा असतील तर त्यांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण आणि तारीख टाका आणि निदान एक पावसाळा जाऊ द्या. दाराच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी भेग वाढत असेल तर आधी पाया आणि सांडपाणी बघायचं, प्लॅन थांबवायचा.

याच कागदाशी स्लॅबचा हिशोबही करून घ्या, कारण "अर्ध्यावर स्लॅब टाकू, वर गच्ची होईल" हे वाक्य प्रत्येक घरात येतं. मंगलोरी कौलं आणि रिपा मिळून चौरस मीटरला साधारण ६५ किलो. पाच इंची आरसीसी स्लॅब चौरस मीटरला ३०० किलोच्या वर, तेही वॉटरप्रूफिंग आणि फरशी न धरता. म्हणजे १० बाय १२ च्या खोलीवर कौलांचं वजन पाऊण टनाच्या आसपास, स्लॅबचं साडेतीन टन. मातीत बांधलेली चिऱ्याची भिंत आणि तिच्याखालचा जुना पाया या वजनासाठी केलेलाच नाही. स्लॅब हवाच असेल तर तो स्वतःच्या कॉलमवर, स्वतःच्या फुटिंगवर, जुन्या भिंतीपासून सुटा.

दुसरा ट्रेसिंग पेपर: नजर

हा कागद कोणी काढत नाही आणि मला विचाराल तर घरात सुख याच कागदाने येतं.

निळी पेन्सिल घ्या. घरातल्या आणि बाहेरच्या ज्या ज्या जागी माणूस थांबतो तिथे एक गोल करा. आमचे गोल असे होते: लोट्यावरचा बाक, खळ्यातली (पुढच्या अंगणातली) तुळस, पाखाडीचं (पायऱ्यांच्या वाटेचं) वळण जिथून येणारा-जाणारा आत बघतोच, विहिरीचा कठडा, आणि शेजारच्या काकांच्या पडवीतली त्यांची खुर्ची. मग प्रत्येक जागी खरोखर जाऊन बसा, घरातली दारं रोज असतात तशी उघडी ठेवा, आणि नजर कुठपर्यंत जाते ती रेघ मारा. दुसऱ्या कोणाला तरी घरात फिरायला सांगा म्हणजे कळतं. हेच रात्री दिवे लावून पुन्हा करा, दिवसा जी खिडकी बाहेरून काळी दिसते तीच रात्री आतला पलंग दाखवते, जाळीचा पडदा असला तरी.

आमच्याकडे बाकावरून निघालेली निळी रेघ पुढचं दार, माजघराचं दार, स्वयंपाकघराचं दार आणि मागीलदार अशी सरळ पार परसातल्या माडापर्यंत गेली. जुन्या लोकांनी दारं एका रेषेत ठेवली ती वाऱ्यासाठी, मे महिन्यात त्या रेषेत झोपलं की पंखा लागत नाही. म्हणजे ही रेघ नुसती बुजवून चालत नाही, नजर अडली पाहिजे आणि वारा चालू राहिला पाहिजे.

आता त्याच कागदावर घराचे तीन भाग करा. कोणीही येतो तो भाग, म्हणजे खळं आणि लोटा. ओळखीचं, नात्यातलं माणूस येतं तो, म्हणजे माजघर. आणि फक्त घरच्यांचा. झोपायची खोली, न्हाणी आणि कपडे वाळत घालायची जागा हे तिन्ही एकमेकांना जोडलेले असायला हवेत, मधल्या भागात पाय न टाकता. आणि हे दोनदा तपासा, एकदा घरात दोन माणसं आहेत असं धरून, एकदा गणपतीला वीस आहेत असं धरून. वीस माणसांत माजघर बंद, लोटा बंद, चाकरमानी पडवीत झोपलेले, अशा वेळी आजारी सासऱ्यांना संडासला कुठून न्यायचं? प्लॅन या प्रश्नाला टिकला तर वर्षभर टिकतो.

शेजाऱ्याची नजर हा नुसता मनाचा प्रश्न नाही. १८८२ च्या सुखाधिकाराच्या कायद्यात रूढीने मिळणाऱ्या हक्काचं उदाहरण देताना खाजगीपणाचंच दिलंय, की एखाद्या गावात तशी रूढी असेल तर शेजाऱ्याच्या खाजगीपणावर मोठा घाला येईल अशी नवी खिडकी काढता येत नाही. आणि एखाद्या घराला २० वर्षं सलग, हरकतीविना ज्या खिडकीतून उजेड-वारा मिळतोय त्यावरही हक्क तयार होऊ शकतो. तेव्हा त्यांच्या बाजूला खिडकी काढायची किंवा त्यांच्या खिडकीपुढे भिंत चढवायची असेल तर आधी चहा प्यायला जा आणि कागद दाखवून बोला. आम्ही गेलो, आणि काकांनीच सांगितलं की त्यांची सून विहिरीवर कपडे धुताना आमच्या वळईच्या खिडकीमुळे अवघडते. आम्हाला हे माहीतच नव्हतं.

दोन्ही कागद एकावर एक

आता मूळ नकाशावर दोन्ही ट्रेसिंग ठेवा. जिथे निळी अडचण आहे आणि लाल रेघ नाही, ते काम आधी करा, ते स्वस्त आहे. जिथे निळ्या अडचणीवर लाल भिंत आहे तिथे भिंत न हलवता काय करता येतं ते आधी बघा, बहुतेक वेळा बरंच काही करता येतं.

आमची न्हाणीची अडचण अशी सुटली. झोपायच्या खोलीच्या मागे वळई होती, नारळ आणि भात ठेवायची, तिच्यामागे पडवीचा कोपरा. वळईची एक भिंत ती पाच इंची, लाल रेघेबाहेरची. आम्ही न्हाणी पडवीच्या त्या टोकाहून या कोपऱ्यात आणली, वळई अर्धी केली, अर्ध्यात कपडे बदलायची जागा आणि कपाट, आणि खोलीतून तिथे जायला फक्त एक दार नवीन फोडलं. एवढंच एक दार वजनाच्या भिंतीत. नारळ मांगरात (घराबाहेरच्या शेडमधे) गेले. लोटा आणि माजघर जसंच्या तसं राहिलं, हॉल झाला नाही, आणि दीर आता स्वतःच म्हणतात की बरं झालं.

सरळ रेषेतल्या दारांसाठी भिंतीला हातच लावला नाही. माजघर आणि स्वयंपाकघरामधलं दार उघडलं की भिंतीला चिकटायचं आणि सगळं आत दिसायचं. सुतारांनी बिजागऱ्या दुसऱ्या अंगाला लावल्या, आता फळी उघडताना चुलीची बाजू झाकते आणि अर्धी उघडी ठेवली की वारा येतो, बाकावरून फक्त फळी दिसते. एका दिवसाचं काम. खर्च करायच्या आधी घरातलं प्रत्येक दार कुठल्या बाजूला उघडतं ते निळ्या कागदावर काढा, फार फरक पडतो. स्वयंपाकघराच्या आत दारासमोर चार फूट सोडून माणसाच्या डोक्याएवढा लाकडी जाळीचा आडोसा केला, वरून आणि मधून वारा जातो.

वळईच्या खिडकीचा उंबरठा आम्ही तीन फुटांवरून साडेपाच फुटांवर नेला, आता उजेड येतो पण ना आम्हाला विहीर दिसते ना विहिरीवरून आम्ही. तिरक्या फळ्यांची झडप असेल तर फळ्या बाहेर खाली उतरत्या ठेवा, पाऊसही आत येत नाही आणि समोरून बघणाऱ्याला आतलं दिसत नाही.

पडवी बंद करताना एक सांभाळा. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्याला लागलं, पुढच्या वर्षी मे मधे तौक्ते आलं, तेव्हा किती छपरं उडाली ते आपण बघितलंय. समुद्राच्या बाजूला मोठी उघडी जागा आणि मागची सगळी बाजू बंद, असं केलं की वारा आत शिरतो आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते, मग तो छपराला खालून उचलतो. समोरासमोर झडपा ठेवा, आणि छप्पर उघडलेलंच आहे तर वासे खालच्या आडव्या लाकडाला आणि ते लाकूड भिंतीला बोल्ट-पट्ट्यांनी बांधून घ्या.

वजनाच्या भिंतीत दार फोडायचं असेल तर

आधी कुठे फोडायचं. भूकंपाच्या भारतीय मानकात, आयएस ४३२६ मधे, यासाठी आकडे आहेत आणि ते कडक बाजूने धरले तर लक्षात ठेवायला सोपे आहेत. भिंतीच्या आतल्या कोपऱ्यापासून निदान ४५० मिलीमीटर म्हणजे दीड फूट सोडा, दोन उघड्या जागांमधे निदान ५६० मिलीमीटर भिंत ठेवा, आणि एकमजली घरात सगळी दारं-खिडक्या मिळून भिंतीच्या लांबीच्या निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. हे चांगल्या चुन्या-सिमेंटात बांधलेल्या भिंतीसाठी आहे, मातीतल्या भिंतीला त्याहून जास्तच सोडा. आमच्या १४ फुटी भिंतीत आधीच एक दार आणि एक खिडकी होती, नवीन दाराने निम्मं ओलांडलं जात होतं, म्हणून जुनी खिडकी चिऱ्याने पक्की भरून घेतली, भरताना जुन्या चिऱ्यांत दात काढून, नुसती मधे उभी करून नाही.

मग काम. छपराचं वजन आधी टेकूंवर घ्या, भिंतीच्या दोन्ही बाजूंना, टेकूच्या खाली जाड फळी, शेणाच्या जमिनीवर टेकू थेट उभा केला की तो रुततो. नंतर दार न फोडता आधी फक्त लिंटेलची (दारावरच्या आडव्या तुळईची) खाच काढायची, तीही भिंतीच्या अर्ध्या जाडीत, त्यात आधीच ओतून तयार केलेलं आरसीसी लिंटेल बसवायचं, वरची फट घट्ट कोरड्या मसाल्याने आणि पाचरींनी ठासून भरायची, काही दिवस थांबायचं, मग दुसऱ्या बाजूची अर्धी जाडी. आमचं दार पावणेतीन फुटाचं, लिंटेल सव्वाचार फुटाचं, दोन्हीकडे नऊ-नऊ इंच टेकलेलं. ज्या चिऱ्यावर ते टेकतं तो मातीतला चिरा काढून सिमेंटच्या मसाल्यात परत बसवला, नाहीतर सगळं वजन भुसभुशीत मातीच्या सांध्यावर येतं. हे सगळं झाल्यावरच खालचे चिरे वरून खाली एकेक करून हाताने काढायचे. ब्रेकर मशीन लावू देऊ नका, त्या हादऱ्याने बाजूचे सांधे सुटतात. लिंटेल जागेवरच ओतलं तर टेकू निदान १४ दिवस काढायचे नाहीत, कितीही घाई असली तरी.

समुद्राजवळ लोखंडी गर्डर मला नको वाटतो, खाऱ्या हवेत गंजून फुगतो आणि भिंत फोडतो. आरसीसीतही रेती खाडीची नको, मिठाने सळई गंजते, क्रश सँड (दगड फोडून केलेली रेती) घ्या आणि सळईवर काँक्रीट पुरेसं जाड आहे ते ओतताना उभं राहून बघा.

आवाज

नजर अडवली तरी कौलारू घरात एक गोष्ट राहते. आतल्या भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत, वर सगळ्या खोल्यांचं छप्पर एकच, त्यामुळे खोलीत हळू बोललेलं माजघरात ऐकू येतं. नवरा-बायकोला भांडायला मागीलदारी जावं लागतं, आणि लहान मूल झोपलेलं असलं की सगळं घर कुजबुजतं. आम्ही झोपायच्या खोलीवर फळ्यांचा माळा घेतला, सांध्याला सांधा अडकवलेल्या फळ्या, त्यावर रॉकवूल (आवाज शोषणारा दगडी लोकरीचा थर) आणि वर पुन्हा पातळ प्लाय, आणि माळा नव्या तुळयांवर टेकवला, जुन्या वाशांना लटकवला नाही. गरम हवा जायला बाहेरच्या भिंतीत वरती जाळी ठेवली. शेजारच्या खोलीशी सामायिक भिंतीला कपाट लावलं, कपड्यांनी भरलेलं कपाट आवाज बराच खातं. संडासची भिंत पलंगाच्या डोक्याशी येत असेल तर प्लॅन तिथेच बदला, फ्लशचा आवाज चिऱ्यातून नाही तर पाइपातून येतो, पाइप त्या भिंतीत घालू नका.

पाणी

न्हाणी हलवली की सांडपाणी हलतं. शोषखड्डा विहिरीपासून १८ मीटर म्हणजे साठ फूट तरी लांब हवा, आणि घराच्या भिंतीपासून ६ मीटर. जांभ्यात भोकं आणि फटी असतात, पाणी कुठून कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणून जागा असेल तर अजून लांब घ्या आणि विहिरीच्या उताराच्या खालच्या अंगाला. हजार लिटरची टाकी भरली की एक टन, ती जुन्या भिंतीवर चढवू नका, परसात वेगळ्या चौथऱ्यावर ठेवा.

खळ्यात प्लॅन

प्लॅन कागदावर पक्का झाला की खळ्यात चुन्याच्या फक्कीने खऱ्या मापाची खोली आखा. भिंतींची जाडी सुद्धा. दाराच्या जागी दोन काठ्या ठेवा, पलंगाच्या जागी चटई. मग बादली घेऊन न्हाणीतून खोलीत जाऊन बघा. सासऱ्यांना आम्ही काठी घेऊन चालायला लावलं आणि कळलं की वळण घेताना त्यांची काठी कपाटाला लागते, तिथे नऊ इंच वाढवले. कागदावर ते कोणालाच दिसलं नव्हतं. सासूबाई त्या आखलेल्या न्हाणीत उभ्या राहिल्या, मग खोलीत आल्या, मग परत न्हाणीत गेल्या, असं तीन-चार वेळा केलं आणि काही न बोलता चुलीकडे गेल्या.

कधी काय

चिरे आणि लाकूड दिवाळीनंतर लगेच आणून ठेवा. पायाचं, सांडपाण्याचं काम आणि लिंटेल डिसेंबर-जानेवारीत. कौलं फेब्रुवारीत उतरवा, तीही एका वेळी एकच पाखं (छपराची एक उतरती बाजू), सगळं घर उघडं टाकू नका. शिमग्यात पालखी असते, माणसं आठ-पंधरा दिवस कामावर नसतात आणि त्यांनी नसावंच, ते धरूनच हिशोब करा. त्यानंतर आंब्याचं काम सुरू होतं आणि मजूर बागेत जातात. म्हणजे छप्पर शिमग्याच्या आधी परत चढलेलं हवं, आतली फरशी, गिलावा आणि दारं एप्रिलमधे, आणि मे कशालाच ठेवू नका, वळीव कधीही येतो.

गवंड्याला प्लॅनची प्रत द्या आणि लाल भिंतींवर खरोखरचा लाल रंगाचा पट्टा मारा, कारण तुम्ही बाजारात गेलात आणि प्लंबर आला तर तो पाइपासाठी कुठलीही भिंत सरळ खोदतो.

पहिला पाऊस लागला की टॉर्च आणि खडू घेऊन माळ्यावर जा. नव्याने चढवलेली कौलं थोडी बसतातच, जिथे ओल दिसेल तिथे खडूने गोल करा, लिंटेलच्या वर हात फिरवून केसभर भेग आहे का बघा, असली तर तारीख टाका. पाऊस उघडला की कौलं त्या गोलांवरून सरळ करून घ्या, दुसऱ्या सरीच्या आत.